गेल्या तीन महिन्यांत काय झालं?

शहापूर-मुरबाडकडे पाय सुजायला कारणांची वाण नाही. आवणीच्या चिखलात काटा रुततो, बोटांच्या बेचक्या कुजतात, विंचू चावतो, फुरसं डसतं. पाय लाल होऊन ताप आला की घरची माणसं म्हणतात, धावरं उठलं. सूज जुनी असली तर हत्तीपाय. यातलं काहीच जुळत नसलं तर वात. या दोन तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत मी परिचारिका म्हणून नोकरी केली. ओपीडी, प्रसूती, महिला वॉर्ड अशा सगळीकडे ड्युट्या लागल्या आणि सुजलेले पाय पोत्याने पाहिले. पायाच्या आतल्या, खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो, ही गोष्ट मात्र त्या यादीत कुणाच्याच नसायची.

त्यामागे एक पक्की समजूत होती. हा म्हणे शहरातला आजार. बसून खाणाऱ्यांचा, विमानाने फिरणाऱ्यांचा. माहुलीचा डोंगर रोज चढणाऱ्या ठाकराला किंवा मोळी डोक्यावर घेऊन पाच-सहा मैल चालणाऱ्या कातकरणीला तो कशाला होतोय? शिकलेली माणसंही असंच बोलायची. पण २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३२ देशांतल्या ३५८ रुग्णालयांची पाहणी आली. भारतातल्या रुग्णालयांत दाखल असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण या गुठळीच्या धोक्यात होते आणि त्यांच्यापैकी पाचातल्या एकालाही प्रतिबंधक उपचार मिळत नव्हते. म्हणजे धोका इथे होताच, त्याच्याकडे बघणारे कमी होते.

मला हा विषय कळला तो पुस्तकातून कमी आणि एका डॉक्टरांच्या सवयीतून जास्त. ते काही महिन्यांसाठीच आमच्याकडे होते. एकच पाय सुजलेला रुग्ण आला की ते पायाला हात लावायच्या आधी विचारायचे, “गेल्या तीन महिन्यांत काय काय झालं?” आमच्याकडची माणसं महिने इंग्रजी कॅलेंडरात मोजत नाहीत. त्यामुळे मी तो प्रश्न फिरवून विचारायचे: आवणीनंतर कुठे पडलात का, भात झोडायच्या वेळी तब्येत कशी होती, नवरात्रात दवाखान्यात होतात का? मग गोष्टी बाहेर यायच्या. बाळंतपण, ऑपरेशन, प्लास्टर, टायफॉइडने पंधरा दिवस अंथरूण, कसल्यातरी गोळ्या. रुग्णाच्या लेखी या गोष्टींचा पायाशी काही संबंध नसायचा, म्हणून विचारल्याशिवाय तो सांगायचाही नाही.

प्रश्नानंतर टेप. शिंप्याची साधी कापडी टेप माझ्या ॲप्रनच्या खिशात कायम असायची. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला पुढून एक उंचवटा लागतो. त्याच्या खाली दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला की कान टवकारायचे. कॅनडातल्या वेल्स नावाच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये जी गुणपद्धत प्रसिद्ध केली तिच्यात या तीन सेंटिमीटरला एक गुण आहे, नुकत्याच झालेल्या ऑपरेशनला एक, प्लास्टरला एक, चालू कॅन्सरला एक. दुसरंच एखादं कारण तितकंच संभवत असेल तर दोन गुण वजा. डॉपलर सोनोग्राफीसाठी कल्याण-ठाणं गाठावं लागणाऱ्या ठिकाणी हा प्रश्न आणि ही टेप एवढीच आमची यंत्रसामग्री होती, आणि ती वाईट नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी जे शास्त्र आहे ते बरंच जुनं आहे. जर्मनीचे रुडॉल्फ विर्चो यांनी १८५६ च्या सुमारास गुठळी शिरेतून सुटून फुप्फुसात जाते हे दाखवून दिलं. पुढे त्यांच्या नावाने तीन कारणं सांगितली जाऊ लागली: शिरेतलं रक्त मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा स्वतःचाच गोठण्याकडे कल वाढणं. १३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस २०१४ पासून जगभर थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे त्या सुमारास भातकापणीची घाई असते, त्यामुळे तो कुणी पाळल्याचं मी पाहिलं नाही.

विर्चोंची ती तिन्ही कारणं एकाच देहात एकदम भेटतात ती बाळंतिणीत. बाळंतपणात रक्त जाणार, म्हणून गरोदरपणापासूनच शरीर रक्ताची गोठण्याची ताकद वाढवून ठेवतं. ही सोय हजारो बायकांचा जीव वाचवते आणि एखादीवर उलटते. पोटातलं ओझं ओटीपोटाच्या शिरांवर दाब देतं. डावी मोठी शीर तर उजव्या पायाकडे जाणाऱ्या रोहिणीखाली आधीच दबलेली असते. म्हणून गरोदर बाईची गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात सापडते. नवव्या महिन्यात दोन्ही पावलं सुजणं नेहमीचंच; एकटा डावा पाय मांडीपर्यंत सुजला तर ते नेहमीचं नाही. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सगळ्यात धोक्याचे आणि त्यानंतरही बाराव्या आठवड्यापर्यंत थोडा धोका उरतो. सिझेरियन झालं असेल तर तो कितीतरी वाढतो.

आता हे सहा आठवडे म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिना. कुणब्या-आगऱ्यांच्या घरात सव्वा महिना बाळंतीण बाजेवर. खाली शेगडी, डोक्याला फडकं, पोट करकचून बांधलेलं आणि पाणी मोजून. पाणी प्यालं की पोट सुटतं, टाके ओले राहतात, बाळाला सर्दी होते, अशी तीन-तीन कारणं त्याला असायची. शेकशेगडीवर माझा राग नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला आयुष्यात तेवढीच विश्रांती मिळते. पण एप्रिलच्या उकाड्यात, पत्र्याच्या घरात, शेगडीवर झोपलेल्या बाईला दोन फुलपात्री पाण्यावर ठेवणं म्हणजे रक्त आटवणंच झालं.

अशीच एक पहिलटकरीण होती. सिझेरियन एका खासगी दवाखान्यात झालं होतं. घरी गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. बाम चोळला, मिरच्या उतरल्या. दोन दिवसांनी उलट्या आणि मग झटका आला. भगताने अंगात आल्याचं सांगितलं आणि अर्धी रात्र त्याच्या अंगणात गेली. आमच्याकडे आणली तेव्हा तिचा एक हात लुळा होता. बाळंतिणीला झटका म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात पहिलं येतं ते रक्तदाबामुळे येणाऱ्या आकडीचं दुखणं. मी बीपी घेतलं, ते नॉर्मल. पुन्हा घेतलं, दुसऱ्या हातावर घेतलं, नॉर्मलच. लघवीत प्रोटीन नाही. तिथे डॉक्टर थबकले आणि म्हणाले, ही मेंदूच्या शिरेतली गुठळी असणार, हिला मुंबईला हलवा. ते खरं निघालं. भारतात बाळंतिणींमध्ये हा प्रकार पूर्वापार जास्त आढळत आला आहे. कमी पाणी, रक्तक्षय, जंतुसंसर्ग आणि बी-१२ची कमतरता हे त्याचे साथीदार. ती मुलगी वाचली. पुढे बाळाला डोस द्यायला स्वतःच्या पायांनी चालत आली. हात थोडा कमी चालत होता, पण भाकरी थापता येते म्हणाली.

सव्वा महिन्याला सगळा दोष देऊन मी मोकळी झाले असते, पण एका कातकरी बाईने तो हिशेब मोडला. दिवाळीनंतर आमच्याकडची कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ही भट्टीवरच बाळंत झाली होती. तिला ना बाज, ना शेगडी; आठवड्याभरात मातीत हात घालून उकिडवी बसलेली. तरी तिचा डावा पाय खांबासारखा सुजून टणक झाला होता. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास, अंगात ताप, ओठ सुकलेले. म्हणजे नुसतं पडून राहणं हेच कारण नव्हे. उन्हात राबून अंगातलं पाणी गेलं, रक्त कमी, कपड्याच्या घड्यांनी जंतुसंसर्ग आणि त्यात बाळंतपण. एवढं एकत्र आल्यावर चालतं-फिरतं शरीरही हरतं. ‘कष्टाच्या माणसाला होत नाही’ हे वाक्य मी त्यानंतर कुणाला बोलू दिलं नाही.

वॉर्डात मात्र माझी रोजची लढाई सिझेरियनच्या बायकांना उठवण्याची. डॉक्टर कागदावर ‘लवकर चालवा’ लिहून जातात. सासू कॉटच्या तोंडाशी उभी असते.

“सिस्टर, तिला नका उठवू. टाके तुटतील.”

“टाके मी बघते. तुम्ही तिचा हात धरा.”

“आमच्या येळेला पंधरा दिस खाली पाय नव्हता लावला.”

“तुमच्या वेळेला पोट फाडलं होतं का आजी?”

यावर बहुतेक सासवा हसायच्या आणि हात धरायच्या. संडासापर्यंत आणि परत, पहिल्या दिवशी तेवढं पुरे. पोटरीचे स्नायू आवळले की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. बापूस-भाऊ भेटायला आले की तिला पाण्याची बाटली संपवायला लावायचं कामही मी त्यांना लावून द्यायचे. पुरुषाला असं ठरावीक काम दिलं की तो ते बरोबर करतो.

पुरुषांची गुठळी आमच्याकडे यायची ती मुख्यतः हाडांमागून. नाशिक हायवेवरचे आणि माळशेज घाटातले अपघात, आंब्यावरून-ताडावरून पडणं, मुरबाडच्या कारखान्यांतल्या इजा. मांडीचं नाहीतर नडगीचं हाड मोडतं, प्लास्टर होतं आणि माणूस घरी ओटीवर आडवा होतो. एक तरुण असाच चारेक आठवडे पडून होता. एका सकाळी कुबडी घेऊन परसाकडे गेला, छातीत कळ आली, दम लागला आणि तिथेच कोसळला. १०८ आली, पण ठाण्याच्या वाटेवर, भिवंडी बायपासच्या नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा श्वास थांबला. गावात ‘हार्ट अटॅक’ एवढीच बातमी. पोस्टमॉर्टेम झालं नाही, त्यामुळे फुप्फुसातली गुठळी असं छातीठोकपणे मीही म्हणणार नाही. पण प्लास्टरमध्ये चार आठवडे असलेला, आधी धडधाकट असलेला पंचविशीतला मुलगा उठल्याबरोबर दम लागून पडतो, तेव्हा अटॅकच्या आधी दुसरं काहीतरी मनात यायला हवं. आपल्या गावांत ‘अटॅक’ने गेलेल्या अशा कितीतरी जणांचं प्लास्टर नुकतंच निघालेलं असतं किंवा निघायचं असतं. कुणी सांगड घालत नाही.

याच पायांवर दुसरा घाला घालतात मालीशवाले आणि हाडवैद्य. पोटरी दुखते, ताठ झाली, म्हणजे गोळा आलाय किंवा शीर चढली, असं म्हणून गरम तेलाने रगडून काढायचं. साधा गोळा असेल तर चालून जातं. आत गुठळी असेल तर रगडण्याने ती सुटून वर जाऊ शकते. हाडवैद्यांशी भांडून उपयोग नसतो हे मी लवकर शिकले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला मी माझी एक जुनी टेप देऊन टाकली आणि सांगितलं, दोन्ही पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर तेल लावू नका, माझ्याकडे पाठवा. त्याने पाठवले. सगळे गुठळीचे नव्हते, पण पाठवले.

गोळ्यांबद्दल बोलायला बायका लाजतात, म्हणून इथे लिहिते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आमच्याकडे गौरी-गणपतीत, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना आणि पौषात म्हसाच्या जत्रेच्या सुमारास मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय जातात. दिवसाला तीन गोळ्या, कधी आठ दिवस, कधी पंधरा. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेन गुठळीचा धोका वाढवतं. माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांतही इस्ट्रोजेन असतं. बहुसंख्य बायकांना दोन्हींनी काही होत नाही, आणि नको असलेल्या गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो, हेही तितकंच खरं. पण जिचं वजन फार आहे, जी नुकती बाळंत झाली आहे, जिच्या आईला किंवा बहिणीला गुठळी झाली होती, तिने या गोळ्या दुकानदाराच्या भरवशावर घेऊ नयेत. मेडिकलवाला हे विचारत नाही. त्याने विचारावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण बाईने स्वतः डॉक्टरला सांगावं.

प्रवासाची भीती लोकांना उगीच जास्त असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये लंडनच्या बाँबहल्ल्यांत माणसं रात्र-रात्र तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून काढायची. खुर्चीची आडवी पट्टी मांडीखाली रुतायची आणि फुप्फुसात गुठळी जाऊन मरणारे वाढले, असं कीथ सिम्पसन यांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे. म्हणजे दोष विमानाचा नव्हे, अवघडून बसण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो, तरीही धडधाकट माणसात तो सहा हजारांत एक इतकाच. कसारा लोकलमध्ये दोन तास उभं राहणाऱ्याने काळजी करू नये. कसारा घाटाच्या धाब्यांवर थांबणाऱ्या ट्रकचालकांनी मात्र जेवून तसंच गाडीत न चढता थोडं फिरून घ्यावं.

मग राहतात ते पाय, ज्यांच्या मागे तीन महिन्यांत काहीच घडलेलं नसतं. एक साठीचे गृहस्थ असे आले होते. पडले नव्हते, आजारी नव्हते, ऑपरेशन नाही. फक्त भूक कमी झाली होती आणि सदरा ढगळ होऊ लागला होता. गुठळीचं निदान ठाण्याला झालं, औषध सुरू झालं, तरी तिथल्या डॉक्टरांनी पोटाची तपासणी करायला लावली. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. फ्रान्सचे आर्मां त्रुसो यांनी कॅन्सर आणि गुठळीचं हे नातं १८६५ मध्ये सांगितलं होतं आणि पुढे स्वतःच्या हातातली गुठळी पाहून स्वतःचा पोटाचा कॅन्सर ओळखला. १८६७ मध्ये ते त्यानेच गेले. आमच्या भागात आणखी एक छुपं कारण म्हणजे टीबी. त्यानेही गुठळीचा धोका वाढतो. शिवाय टीबीचं रिफाम्पिसिन सुरू असलं की गुठळीवरच्या वॉर्फरिन गोळीचा परिणाम कमी होतो आणि डोसाचं सगळं गणित फिरतं. आदिवासी पाड्यांत सिकलसेलही विचारावा लागतो. त्या रुग्णांतही गुठळ्या जास्त होतात.

उपचाराची बाजू आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली आहे. सुरुवातीला पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, मग गोळ्या, निदान तीन महिने. रिवारोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्यांना रक्ताची सारखी तपासणी लागत नाही. पण वॉर्फरिनवरचे रुग्ण अजूनही आहेत आणि त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा असतो. आषाढात तो खाली येताना मी पाहिला. कारण रानात होतं: पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला यांवर घरं चालतात आणि हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व वॉर्फरिनला निष्प्रभ करतं. गरिबाला ‘पालेभाजी बंद’ सांगणं हा मूर्खपणा आहे. आम्ही सांगायचो, रोज थोडी खा, एका आठवड्यात टोपलीभर आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही असं करू नका. आणि अंगदुखीला दुकानातली कुठलीही गोळी मनाने नको, काहींनी रक्तस्राव होऊ शकतो.

करोनात या आजाराचं नाव घरोघरी पोहोचलं. २०२४ मध्ये कोविशिल्ड लशीमुळे गुठळी होऊ शकते अशा बातम्या आल्यावर तर लस घेऊन दोन-तीन वर्षं झालेली माणसं घाबरून पोटऱ्या दाखवायला यायची. लशीमुळे होणारी ती दुर्मीळ गुठळी डोसानंतर चौथ्या ते बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास होते. त्यांचा काळ केव्हाच टळला होता. त्या भीतीचा एक फायदा मी करून घेतला. पोटरी दाखवायला आलेल्या प्रत्येकाला तोच तीन महिन्यांचा प्रश्न विचारला.

एक विनंती वाचणाऱ्यांना. तुम्हाला स्वतःला, तुमच्या आईला, बापाला, सख्ख्या भावंडाला कधी शिरेत गुठळी झाली असेल, तर ती हकिगत घरात दाबून ठेवू नका. एकदा होऊन गेलेली गुठळी हे पुढच्या गुठळीचं फार मोठं कारण असतं, आणि काही घरांत तो कल रक्तातूनच चालत येतो. मुलीचं बाळंतपण, म्हाताऱ्याचं खुब्याचं ऑपरेशन, हर्नियाचं ऑपरेशन, कसलंही असो. केस पेपर निघतानाच सांगा आणि ती हकिगत त्यावर लिहवून घ्या. जुन्या डिस्चार्जचे कागद रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. पूर आला, घर बदललं तरी ती पिशवी कुणी टाकत नाही.